मातकट, दोन

चाखेकाकांचं आडनाव चाखे नव्हतं. पाणीपुरवठा खात्यात त्यांनी चौतीस वर्षं पाणी चाखायची नोकरी केली, त्यातून हे नाव पडलं, आणि असं घट्ट बसलं की दारावरची पाटी रंगवायला आलेल्या माणसाने न विचारताच तेच रंगवून टाकलं. काकू पाटी बदलून घ्या म्हणून मागे लागल्या. काका म्हणाले, "राहू दे. खरं नाव लावलं तर पोस्टमन परत जाईल." पाटी अजून तीच आहे.

पाणी चाखायची नोकरी असते हे लोकांना थापच वाटते. पण असते, आणि ती चैनीची मुळीच नसते. सकाळी सात वाजता प्रयोगशाळेतल्या लांब टेबलावर रुंद तोंडाच्या काचेच्या बाटल्या मांडलेल्या असायच्या, प्रत्येकीवर टाकीचं नाव आणि वेळ. पाणी कोमट केलेलं, कारण गार पाणी आपले दोष लपवतं. काका बाटली हलवायचे, बूच काढून वास घ्यायचे, मग एक घोट तोंडात घेऊन मनात पंधरा आकडे मोजायचे आणि डावीकडच्या बेसिनमध्ये थुंकायचे. गिळायचं नाही, हा पहिला नियम. गिळलं की पुढच्या बाटलीची चव बिघडते.

त्यानंतर बोलायचं, तेही मोजून. एक शब्द आणि एक आकडा. शब्द चवीचा, आकडा तिच्या जोराचा. शून्य म्हणजे काही नाही. एक म्हणजे शंका. दोन म्हणजे खात्री. तीन म्हणजे शेजारणी भांडायला येतील, आणि चार म्हणजे गुरंही तोंड लावणार नाहीत. साध्या माणसाला दोनपर्यंत काही कळत नाही, म्हणून तर चाखणारा ठेवायचा. काकांच्या नंतर केमिस्टसाहेब चाखायचे. दोघांचाही 'दोन' आला तर त्या टाकीची झडप बंद करायची, मग वरून कोणाचाही फोन येवो.

या जिभेपायी काकूंनी काय काय सोसलं त्याची मोजदाद नाही. घरात फोडणी बेताची, तिखट नावाला. सुवासिक साबण आणि तेल यांना दारातूनच रामराम. काकूंना मोगऱ्याच्या वासाच्या पावडरीची भारी हौस, तर ती बिचारी पावडर बहिणीच्या कपाटात राहायची आणि काकू तिला भेटायला गेल्यासारख्या बहिणीकडे जायच्या. वर काका घरातही आकडे लावायचे. चहाचा घोट घेतला की, "धुरकट, एक." काकू सुरुवातीला भडकल्या, मग सरावल्या, आणि पुढे पुढे तर कप हातात देऊन स्वतःच विचारायच्या, "आकडा?" दूध करपलं की न चुकता 'दोन' यायचा आणि काकू ते निमूटपणे मोरीत ओतायच्या. त्या घरात भांडणं फारशी झाली नाहीत, कारण निकाल आधीच लागलेला असायचा.

मग एका सकाळी काकांचा 'दोन' गेला.

एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. नवं शुद्धीकरण केंद्र बांधून झालं होतं. यंत्रं जपानहून आली होती आणि त्यांच्याबरोबर एक जपानी इंजिनियरही आठ महिने येऊन राहिला होता. दुसऱ्या दिवशी उद्घाटन. पाहुण्यांनी मंचावर नळ सोडून ग्लासभर पाणी प्यायचं, असा कार्यक्रम ठरला होता. त्या आदल्या सकाळी काकांनी नव्या टाकीचं पाणी तोंडात घेतलं, पंधरा मोजले, थुंकले आणि म्हणाले, "मातकट, दोन."

केमिस्टसाहेबांनी घोट घेतला. ते जरा जास्तच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "काही नाही. शून्य."

एकमत झालं नाही, झडप उघडीच राहिली. काकांनी नियमाप्रमाणे मागणी केली की रोजच्या नमुन्याची जी बाटली सात दिवस कपाटात ठेवतात, ती बाहेरच्या प्रयोगशाळेकडे पाठवावी. पाठवली. आठवड्याने कागद आला आणि तो सगळ्यांसमोर वाचला गेला. पाण्यात काहीही दोष नाही. मंचावर पाहुण्यांनी पाणी प्यायलं होतं, कोणाचं तोंड वाकडं झालं नव्हतं. चार-दोन घरांतून वासाच्या तक्रारी आल्या, त्या जुन्या पाइपांच्या नावावर गेल्या. कोणी आजारी पडलं नाही, कोणाची नोकरी गेली नाही. खात्यात आठवडाभर चेष्टा झाली आणि मग लोक विसरले.

काका मात्र विसरले नाहीत. हसण्याचं त्यांना एवढं काही वाटलं नाही. त्यांना धास्ती बसली ती वेगळीच. चव त्यांना अजून आठवत होती. जिभेच्या मागे, डाव्या कडेला, तळ्याच्या तळाशी शेवाळ कुजतं तेव्हा येते तशी ओल्या गोणपाटाची चव. ती जर तिथे नव्हतीच, तर मग आली कुठून? ज्या जिभेने नसलेली चव दाखवली, ती असलेली चव लपवणार नाही कशावरून? त्या दिवसापासून त्यांनी वहीत कधी 'दोन' लिहिला नाही. खात्री वाटली तरी 'एक' लिहायचे आणि साहेबांकडे बघायचे. साहेबांनी 'दोन' म्हटलं तर मान डोलवायचे. चांगला खमका माणूस पार होयबा झाला.

घरी काकूंना हे महिनाभरात कळलं. दूध करपलं होतं, चांगलं खमंग करपलं होतं, शेजाऱ्यांना वास गेला होता. काकांनी घोट घेतला, पंधरा आकडे होईपर्यंत भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाले, "करपट... एक." काकूंनी पातेलं मोरीत ओतलं नाही. त्या ओट्याशी तशाच उभ्या राहिल्या. नवरा आजारी पडला असता तर काय करायचं ते त्यांना ठाऊक होतं. याला काय करायचं ते कळेना.

गेल्या महिन्यात काका निवृत्त झाले. त्यांच्या जागी पेटीएवढं एक यंत्र आलंय, त्याला पगार नाही आणि साबणाचं पथ्यही नाही. निरोपाच्या कार्यक्रमाला केमिस्टसाहेबही आले होते. ते स्वतः खात्याचे प्रमुख होऊन सहा वर्षांपूर्वीच निवृत्त झाले होते. काकांना दोन शब्द बोलायला सांगितलं. आयुष्यभर खरंच दोन शब्द बोललेला माणूस तो. म्हणाले, "चौतीस वर्षांत एकदा चुकलो. एकदाच, पण चुकलो. तेवढं सांभाळून घेतलंत." लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी वाजवल्या नाहीत, पण पेढ्यांच्या गडबडीत ते कोणाच्या लक्षात यायला?

आठवड्याने साहेबांचा फोन आला. "रविवारी दुपारी ये. वहिनींनाही आण. त्या जपानी इंजिनियरने मला दिलेली व्हिस्कीची बाटली काढतोय."

"साहेब, मी घेत नाही. तुम्हाला माहीत आहे."

"आता कोणासाठी पथ्य पाळतोस? ये तर खरा."

रविवारी चार वाजता दोघं गेले. काकूंनी त्या दिवशी पावडर लावली होती, उघड उघड, भरपूर. साहेबांच्या घरात साहेब एकटेच राहायचे. पत्नी जाऊन तीन वर्षं झाली होती. आज मुलगी आणि जावई आले होते. मुलगी काकूंना स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि काका बाहेरच्या खोलीत जावयाच्या तावडीत सापडले.

जावई या विषयातला मोठा दर्दी. दर्दी म्हणजे प्यायचा थोडं आणि बोलायचा फार. टेबलावर लाकडी खोक्यातली बाटली, चार नाजूक ग्लास आणि बाजूला मनी प्लँटची कुंडी. बाटलीवर उभ्या जपानी अक्षरांची चिठ्ठी आणि खाली पंचवीसचा आकडा.

"काका, पंचवीस वर्षं पिंपात," जावई म्हणाला. "एकाच कारखान्याचा माल, त्यात दुसरं काही मिसळलेलं नाही. आज ही मिळत नाही. मिळाली तर तेवढ्या पैशांत गाडी येते. आणि आमच्या सासरेबुवांनी ती इस्त्रीच्या कपड्यांमागे ठेवली होती."

"पिंपात पंचवीस आणि कपड्यांमागे एकोणीस," काका म्हणाले. "म्हणजे चव्वेचाळीस."

"नाही नाही, बाटलीत गेली की ती थांबते. बाटलीत काही बदलत नाही." जावयाने ग्लासात बोटभर ओतली आणि उजेडाकडे धरली. रंग फिका होता, पातळ मधासारखा. त्याच्या कपाळाला आठी पडली, पण लगेच सरळ झाली. "रंग हलका आहे, बघा. हाच जपानी संयम. बटबटीत काही नाही."

साहेब खुर्चीत होते. त्यांनी संयमावर काही म्हटलं नाही. बाटलीचं सील आधीच फोडलेलं कसं, असं जावयाने मघाशी विचारलं तेव्हाही "मीच फोडलं" एवढंच म्हणाले होते.

जावई शिकवू लागला. ग्लास असा धरायचा, असा फिरवायचा, नाक एकदम आत खुपसायचं नाही. काकांनी ऐकून घेतलं. मग ग्लास हातात आला आणि चौतीस वर्षांचा हात आपोआप कामाला लागला. त्यांनी ग्लास हलवला, तळव्यात धरून कोमट होऊ दिला, वास घेतला, थांबले, पुन्हा घेतला. डोळे मिटले. जावई बोलायचा थांबला. आपल्यासमोर कोणी खरोखरचा कारागीर बसला आहे एवढं त्याला कळलं असावं, आणि हे त्याच्या बाजूने नोंदवून ठेवायला हवं.

वास काकांना आवडला. अगदी मनापासून आवडला. चंदनाच्या जुन्या पेटीचा, वाळलेल्या संत्र्याच्या सालीचा, मागे कुठेतरी विझलेल्या लाकडाचा. पाण्याच्या चौतीस वर्षांत असा वास त्यांच्या वाट्याला आला नव्हता. त्यांनी घोट घेतला. जीभ पोळली, मग गोड झाली, मग हळूहळू उलगडत गेली. काका मनात मोजत होते. सात, आठ, नऊ. अकराव्या आकड्याला त्यांचा चेहरा उतरला. जिभेच्या मागे, डाव्या कडेला काहीतरी होतं.

पंधरा झाले. काका सवयीने डावीकडे वळले आणि गाडीच्या किमतीचा तो घोट मनी प्लँटच्या कुंडीत थुंकले. आणि तशाच सवयीने, हलक्या आवाजात, म्हणाले, "मातकट, दोन."

जावयाचा जीव कुंडीत गेला. तरी त्याने सावरून घेतलं. "काका, ती मातीची चव म्हणजे गुणच आहे. धान्य वाळवताना खाली जुन्या दलदलीची माती जाळतात, तिचा धूर. लोक त्यासाठीच पैसे मोजतात."

"धूर पुढे आहे," काका म्हणाले. "टाळ्याला. तो वेगळा. हे मागे आहे, आणि हे दारूचं नाही. हे पाणी आहे." त्यांनी ग्लास पुन्हा नाकाशी नेला. "यात पाणी आहे. बरंच आहे. आणि ते..." या जिभेने एकदा दगा दिला होता. तीच चव, तीच जागा. म्हातारपणी भूत परत आलं, दुसरं काय, असं त्यांच्या मनात आलं.

"पाणी कसं असेल?" जावई म्हणाला. "मूळ बाटली आहे."

साहेब तेव्हा पहिल्यांदा बोलले. "तू जरा आत जा. चहाचं बघ."

"चहा? ह्याच्यावर?"

"जा म्हटलं ना."

जावई गेला. साहेबांनी आपल्या ग्लासाला हात लावला नव्हता. ते गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते, तोंडी परीक्षेला बसलेल्या पोरासारखे.

"त्यात पाणी मी घातलंय," ते म्हणाले. "एकोणीस वर्षांपूर्वी. ते त्याच दिवसाचं पाणी आहे."

काकांनी बाटलीकडे पाहिलं.

"आदल्या रात्री वरून फोन आला होता. उद्घाटन झालंच पाहिजे, म्हणाले. सकाळी तू 'दोन' म्हणालास आणि मी 'शून्य' म्हणालो. मग तू नमुन्याची बाटली बाहेर पाठवायला सांगितलीस. मी त्याआधी कपाट उघडलं, नमुन्याचं पाणी माझ्या प्यायच्या बाटलीत काढून घेतलं आणि नमुन्याच्या बाटलीत जुन्या टाकीचं चांगलं पाणी भरलं. बाहेर गेलं ते जुन्या टाकीचं पाणी. कागद आला तो त्या पाण्याचा."

"आणि हे?"

"हे बेसिनमध्ये ओतायला गेलो, पण हात झाला नाही. केमिस्ट आहे रे मी. नमुना टाकवत नाही. घरी आणलं. बायको बाहेर गेली होती. लाज वाटली म्हणून ही बाटली फोडली, तीन ग्लास प्यायलो. लाज काही गेली नाही. बाटलीतली पातळी मात्र खाली गेली, आणि सगळ्यांना सांगून बसलो होतो की पोरीच्या लग्नात उघडायची. तेव्हा ते पाणी त्यात भरलं." साहेबांनी बाटलीवरच्या चिठ्ठीवरून बोट फिरवलं. "दारूत नमुना टिकतो, हेही डोक्यात होतं. कशासाठी टिकवायचा ते डोक्यात नव्हतं. लग्नात मी ती काढलीच नाही. हरवली म्हणून सांगितलं."

आतून काकूंच्या हसण्याचा आवाज आला. जावई बहुधा कुंडीची हकिकत सांगत होता.

"मग आज का काढलीत?"

"निरोपाला तू म्हणालास, एकदा चुकलो. मला वाटलं होतं तू विसरला असशील. तोंडाने सांगायची हिंमत झाली नाही. म्हटलं, त्याच्या जिभेला कळलं तर कळू दे. नाही कळलं तर..." साहेबांनी वाक्य सोडून दिलं. तसे ते भित्रेच होते, आणि हे त्यांना स्वतःला चांगलं ठाऊक होतं.

काकांना राग आला. इतका आला की कानशिलं तापली. वर्षानुवर्षं रोज सकाळी ह्याच माणसाच्या तोंडाकडे बघून आपण वहीत 'एक' लिहीत आलो, आणि हा बघू देत आला. सणसणीत काहीतरी बोलावं असं त्यांना वाटलं. पण आयुष्यभर एक शब्द आणि एक आकडा, एवढंच बोलायची सवय. शिव्यांचा सराव नव्हता. त्यांनी जे विचारायचं होतं तेच विचारलं.

"त्या दिवशी तुम्हाला किती लागलं?"

साहेबांनी आपला ग्लास उचलला, घोट घेतला, आणि काकांनी पाहिलं, त्यांचे ओठ अगदी बारीक हलत होते. मोजत होते. पंधरा झाल्यावर तेही कुंडीत थुंकले.

"मातकट," साहेब म्हणाले. "दोन. तेव्हाही दोनच."

झालं एकमत. झडप बंद करायला एकोणीस वर्षं उशीर झाला होता, पण नियमात उशिराबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. काकांनी ग्लास खाली ठेवला. राग जागेवरच होता, पण त्याच्या खालून काहीतरी मोकळं होत होतं, पाय आखडलेला माणूस हळूच तो लांब करतो तसं. जीभ खोटं बोलली नव्हती. ती बिचारी खरंच बोलली होती, आणि आपणच तिला गप्प बसवलं होतं.

"मला माफ कर," साहेब म्हणाले.

"आज नाही जमायचं, साहेब. आज राग आलाय. पुढच्या रविवारी येऊन सांगतो."

साहेबांनी मान हलवली. त्यापेक्षा जास्त त्यांनी मागितलंही नसतं.

काकांनी ग्लास उचलला. उरलेला घोट तोंडात घेतला. या वेळी त्यांनी मोजलं नाही आणि ते डावीकडे वळलेही नाहीत. चंदन, संत्र्याची साल, धूर आणि तळ्याचं शेवाळ, सगळं एकदमच त्यांनी गिळून टाकलं. घशातून पोटापर्यंत ऊन उतरत गेलं. पाणी चाखणाऱ्याने एवढ्या वर्षांत गिळलेला तो पहिला नमुना.

"अहो," आतून काकूंनी विचारलं, "कशी आहे मग?"

"मातकट," काका खणखणीत आवाजात म्हणाले. "दोन."

आतलं बोलणं थांबलं. बशी ओट्यावर ठेवल्याचा आवाज झाला. काकू दारात आल्या. हात ओले होते, ते पुसायचंही भान नव्हतं. त्यांनी आधी बाटलीकडे पाहिलं, मग साहेबांच्या खाली गेलेल्या मानेकडे, आणि मग नवऱ्याकडे. त्यांना सगळं कळलं असं नाही. पण जे कळायला हवं होतं ते कळलं.

"किती म्हणालात?"

"दोन."

"नक्की?"

"नक्की."

काकूंनी पदराला हात पुसले. सावकाश, एकेक बोट पुसलं. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही, ते तसंच राहू दिलं.

"मग चला घरी," त्या म्हणाल्या. "आज दूध मुद्दाम करपवते."